प्रोस्टेट काढल्यावरचा पीएसए : ०.०२ पासून पुढे

ऑक्टोबर २०२२. कॅन्सरमुळे प्रोस्टेट ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन होऊन चौदा महिने झाले होते. लघवीवरचा ताबा परत आला होता, पॅड सुटले होते, रात्री सलग पाच तास झोप लागत होती. दर तीन महिन्यांनी पीएसएच्या चाचणीला रक्त द्यायचं, रिपोर्टवर ‘०.०१ पेक्षा कमी’ वाचायचं आणि कागद फाइलला लावायचा, एवढाच कॅन्सरशी संबंध उरला होता. त्या खेपेला रिपोर्टवर ०.०२ आला.

रिपोर्ट मी मोबाइलवर उघडला होता. आकड्याशेजारी छापलेलं होतं, सामान्य मर्यादा ० ते ४. आकडा ठळक नव्हता, शेजारी वर जाणारा बाणही नव्हता. बायकोने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “अहो, चारपर्यंत चालतंय की. तुमचा तर शून्यच धरायचा.” मला ते पटलं, किंवा पटवून घ्यावंसं वाटलं. पुढे पावणेदोन वर्षं ज्या गोष्टीशी माझी झटापट झाली तिचं मूळ या एका ओळीत आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो.

० ते ४ ही मर्यादा ज्यांची प्रोस्टेट जागेवर आहे त्यांच्यासाठी असते. पीएसए हे प्रथिन प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात, निरोगीही आणि कॅन्सरच्याही. ग्रंथी पूर्ण काढली की ते तयार करणारं कुणी उरत नाही. रक्तात आधीपासून असलेला पीएसए दोन-तीन दिवसांत निम्मा होतो, मग पुन्हा निम्मा, आणि सहा-आठ आठवड्यांत तो मोजता न येण्याइतका कमी व्हायला हवा. त्यामुळे ऑपरेशननंतरच्या माणसासाठी ४ या आकड्याला काही अर्थच राहत नाही. लॅबचं सॉफ्टवेअर मात्र सगळ्यांच्या रिपोर्टवर तीच ओळ छापतं. तुमचं ऑपरेशन झालं असेल तर ती ओळ पेनाने खोडा. मी आता प्रत्येक रिपोर्टवर तेच करतो.

डॉक्टरांनी ०.०२ पाहिला आणि शांतपणे सांगितलं, “एवढ्यावरून काही ठरत नाही. तीन महिन्यांनी परत करू.” इतक्या खालच्या पातळीवर मशीनचाही थोडा इकडे-तिकडे होणारा फरक असतो. शिवाय काही वेळा ग्रंथीच्या निरोगी भागाचा बारीकसा तुकडा मागे राहतो आणि थोडासा पीएसए देत राहतो. तसं असेल तर आकडा बहुधा एका जागी रेंगाळतो. खरी गोष्ट पुढच्या आकड्यांवरून कळणार होती.

पुढचे आकडे असे आले. जानेवारी २०२३ ला ०.०३, एप्रिलमध्ये ०.०४, जुलैमध्ये ०.०५, ऑक्टोबरमध्ये ०.०७.

या काळात मी काय काय कारणं शोधली! आदल्या आठवड्यात सायकल चालवली होती, म्हणून असेल. लघवीला जळजळ होत होती, इन्फेक्शन असेल. ग्रंथी शाबूत असते तेव्हा इन्फेक्शनने, सायकलने, वीर्यस्खलनाने पीएसए तात्पुरता चढतो हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, “चढायला ग्रंथी कुठे आहे?” मी गप्प झालो. त्या एका वाक्याने माझ्या सगळ्या पळवाटा बंद केल्या आणि त्याच दिवशी मी पहिल्यांदा नीट घाबरलो.

घरी येऊन ऑपरेशनच्या वेळची फाइल काढली. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट चार पानांचा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तो हातात आला तेव्हा कॅथेटर लावलेलं होतं, अंगात त्राण नव्हतं, आणि “ग्रंथी निघाली, गाठींमध्ये काही नाही” एवढं ऐकून मी तो बंद केला होता. आता बसून ओळ न् ओळ वाचली. ग्लीसन, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा, ४ + ३ = ७, ग्रेड ग्रुप ३. कॅन्सर ग्रंथीच्या आवरणाबाहेर किंचित गेलेला, पीटी३ए. सेमिनल व्हेसिकल, म्हणजे ग्रंथीमागच्या वीर्याच्या पिशव्या, मोकळ्या. चौदा लसिका गाठी तपासल्या, सगळ्या स्वच्छ. आणि तिसऱ्या पानावर तळाला : मार्जिन पॉझिटिव्ह, टोकाकडच्या भागात, लांबी दोन मिलिमीटर.

मार्जिन म्हणजे काढलेल्या भागाची कड. त्या कडेला शाई लावून काप घेतात. शाईपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या दिसल्या तर कड पॉझिटिव्ह, म्हणजे पलीकडे, शरीरात, काही पेशी राहिल्या असण्याची शक्यता. राहिल्याच असतील असं नाही. पण दोन मिलिमीटर हा शब्द त्या रात्री माझ्या डोक्यातून गेला नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, असं बायको म्हणते. मला आठवत नाही. ऑपरेशननंतरच्या भेटीला घरचं कुणीतरी वही घेऊन सोबत असावं असं मला वाटतं, कारण त्या दिवशी पेशंट फक्त चांगलं तेवढंच ऐकतो.

वाढणाऱ्या पीएसएचा अर्थ या रिपोर्टशिवाय लागत नाही. ग्लीसन किती, मार्जिन कशी, सेमिनल व्हेसिकलमध्ये शिरला होता का, ऑपरेशननंतर किती दिवसांनी आकडा दिसू लागला, आणि तो किती वेगाने वाढतोय, हे सगळं मिळून चित्र तयार होतं. ०.१ आकडा असलेली दोन माणसं अगदी वेगवेगळ्या जागी असू शकतात. हे मला कळायला एक वर्ष लागलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी एक चूक केली. जवळ सोयीची म्हणून दुसऱ्याच लॅबमध्ये रक्त दिलं. आकडा आला ०.११. एका महिन्यात ०.०७ वरून ०.११! मी खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. धाकट्या भावाला फोन केला, बोलता येईना, त्यानेच “दादा, आधी डॉक्टरांना विचार, मग बोलू” म्हणून फोन ठेवला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “लॅब तीच का?” वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचं मोजमाप एकमेकांशी तंतोतंत जुळत नाही. जुन्या लॅबमध्ये परत रक्त दिलं, ०.०८ आला. वाढ होतीच, पण मला दिसली तशी उडी नव्हती. तेव्हापासून तीच लॅब, तीच पद्धत, आणि रिपोर्टवर किमान दोन दशांश स्थळं आहेत ना हे आधी विचारून घेणं. काही ठिकाणी साध्या चाचणीत ‘०.१ पेक्षा कमी’ एवढंच छापून देतात. तेवढ्यावर माझ्यासारख्याला काहीच कळलं नसतं, कारण माझी सगळी हालचाल त्याच्या खालीच चालली होती. आणखी एक : केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा. काही मशीनवर त्याने आकडा चुकतो.

फेब्रुवारी २०२४ ला ०.१२. त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर आडवी-उभी रेघ मारून माझे आकडे ठिपक्यांनी मांडले आणि ‘डबलिंग टाइम’ समजावला. पीएसए दुप्पट व्हायला किती महिने लागतात तो काळ. माझा साधारण सहा महिने निघत होता. एक वर्षापेक्षा जास्त असेल आणि ग्लीसन फार वरचा नसेल तर युरोपियन युरोलॉजीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याला कमी जोखमीचं मानतात, काही जणांना नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. एक वर्षाच्या आत असेल तर जोखीम जास्त. मी दुसऱ्या गटात होतो.

मी विचारलं, “म्हणजे पसरलाय?”

ते म्हणाले, आत्ता असं म्हणता येत नाही. याला ‘बायोकेमिकल रिकरन्स’ म्हणतात, म्हणजे रक्तात खूण दिसते, शरीरात कुठे काही दिसत नाही. ठरलेली व्याख्या ०.२ किंवा त्याहून जास्त, आणि दुसऱ्या चाचणीतही तेच दिसायला हवं. माझा तिथे पोचायचा होता, पण वाटचाल स्पष्ट होती. त्यांनी मला १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. ऑपरेशननंतर पीएसए वाढलेल्या ३०४ जणांवर त्यांनी अनेक वर्षं लक्ष ठेवलं होतं. पीएसए वाढल्यापासून दुसरीकडे गाठ दिसेपर्यंतचा मध्यक काळ आठ वर्षं होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. ज्यांचा आकडा झपाट्याने दुप्पट होत होता त्यांना एवढा वेळ मिळाला नव्हता. आठ वर्षं हे शब्द ऐकून मला इतकं बरं वाटलं की पुढचं वाक्य मी सोयीस्करपणे विसरलो.

त्यांनी रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टकडे, म्हणजे किरणोपचाराच्या डॉक्टरांकडे, चिठ्ठी दिली. “घाई नाही, पण टाळूही नका,” असं म्हणाले. मी तीन महिने टाळलं.

कारण लिहायलाच हवं, कारण हे बऱ्याच जणांचं होत असणार. लघवीवरचा ताबा मिळवायला मला अकरा महिने लागले होते. पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे लघवी रोखणाऱ्या स्नायूंचे, व्यायाम दिवसातून तीनदा, शिंकताना पोटात गोळा, बाहेर पडताना पिशवीत जादा पँट. रेडिएशनने हे सगळं परत जाईल या भीतीने मी ती चिठ्ठी कपाटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. घरात कुणाला सांगितलं नाही. मे महिन्यात बायकोला ती कपडे लावताना सापडली. ती चिडली नाही. चिठ्ठी टेबलावर ठेवून तिने तारीख वाचली आणि विचारलं, “हे मला का नाही सांगितलंत?” मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच अपॉइंटमेंट घेतली.

मे २०२४ चा आकडा ०.१७.

रेडिएशनच्या डॉक्टरांनी पाऊण तास दिला. पूर्वी मार्जिन पॉझिटिव्ह असली की ऑपरेशननंतर लगेच रेडिएशन द्यायचा विचार व्हायचा. २०२० मध्ये रॅडिकल्स नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, सोबत आणखी दोन चाचण्यांचे, आणि दिसलं की सरसकट सगळ्यांना लगेच देण्यात फायदा नाही. पीएसएवर लक्ष ठेवून तो वाढू लागताच लवकर दिलं तरी चालतं. म्हणजे मी आधीची वर्षं रेडिएशनशिवाय काढली ती चूक नव्हती. पण ‘लवकर’ या शब्दावर त्यांनी दोनदा बोट ठेवलं. आकडा ०.५ च्या खाली असताना, शक्यतो ०.२ च्या आसपास असताना दिलेल्या रेडिएशनचा उपयोग जास्त होतो. माझे तीन महिने गेले होते, तरी मी वेळेतच होतो. हे ऐकून मी बायकोकडे पाहिलं नाही, बघवलं नाही.

त्याआधी पीएसएमए पेट स्कॅन सुचवला. कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि ते जिथे साठतं तिथे चित्रात ठिपका उजळतो. या सगळ्या प्रवासातली ही सर्वांत महागडी तपासणी, म्हणून विम्याची पूर्वमंजुरी घ्यायची होती. फॉर्म, पॅथॉलॉजी रिपोर्ट, शेवटचा पीएसए, डॉक्टरांचं पत्र असं सगळं २० मे ला पाठवलं. नऊ दिवसांनी नकार आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : पीएसए ०.१७, सामान्य मर्यादेत (० ते ४), तपासणीची गरज सिद्ध होत नाही.

तीच ओळ. मी तो कागद हातात धरून बराच वेळ बसलो. दीड वर्षापूर्वी त्या ओळीवर मीही विश्वास ठेवला होता, त्यामुळे समोरच्या माणसावर रागवायचं तरी कसं. डॉक्टरांनी दुसरं पत्र दिलं. त्यात ग्रंथी पूर्ण काढलेली असल्याने ही मर्यादा लागू होत नाही, हे पहिल्याच वाक्यात होतं. आम्ही सोबत २०२१ पासूनच्या सगळ्या पीएसएचा तारीखवार तक्ता जोडला. सोळा दिवसांनी मंजुरी आली. ज्यांना असा अर्ज करायचा असेल त्यांनी तक्ता आणि ते वाक्य पहिल्या खेपेलाच घाला. माझे जवळजवळ चार आठवडे यात गेले.

स्कॅन जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. इंजेक्शननंतर तासभर थांबायचं, लघवी करून यायचं, मग मशीनमध्ये पडून राहायचं. दुखत काही नाही. दोन दिवसांनी रिपोर्ट : कुठेही संशयास्पद काही नाही. मला वाटलं, संपलं. कुठे काहीच नाही तर रेडिएशन कशाला?

डॉक्टरांनी समजावलं की ०.२ च्या खाली असताना हा स्कॅन तिघांपैकी एखाद्यातच काही दाखवतो. पेशी इतक्या कमी असतात की चित्रात उमटत नाहीत. स्कॅन कोरा आला म्हणून रेडिएशन पुढे ढकलू नये. हाडांत किंवा दूरच्या गाठींत काही दिसलं नाही, ही बातमी चांगलीच होती. आणि ग्रंथी होती त्या जागेतच उरलेलं असण्याची शक्यता माझ्या मार्जिनमुळे जास्त होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पीएसए ०.२२ आला. मी होकार दिला.

ठरलं ते असं : ६६ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), ३३ भागांत, सोमवार ते शुक्रवार रोज. काही ठिकाणी २० भागांतही देतात. माझा डबलिंग टाइम कमी म्हणून सोबत सहा महिने हॉर्मोनचा उपचार, म्हणजे टेस्टोस्टेरॉन दाबणारं तीन-तीन महिन्यांचं इंजेक्शन, दोनदा. रेडिएशनचीही विमा मंजुरी लागली, पण या वेळी तक्ता तयार होता. पाच दिवसांत काम झालं.

शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू होण्याआधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन असतो. मूत्राशय भरलेलं हवं आणि गुदाशय रिकामा हवा, म्हणजे आतडं आणि मूत्राशयाचा बराचसा भाग किरणांपासून लांब राहतो. लघवी करून यायचं, अर्धा लिटर पाणी प्यायचं, पाऊण तास थांबायचं. पहिल्या दिवशी माझ्या पोटात गॅस होता, गुदाशय फुगलेला दिसला. सीटी रद्द. दोन दिवस हलकं खाऊन, रात्री पोट साफ व्हायचं औषध घेऊन परत गेलो, तेव्हा जमलं. ओटीपोटावर आणि दोन्ही कुशींवर सुईने तीन बारीक काळे ठिपके गोंदले. तिळाएवढे. रोज लेझरची रेघ त्या ठिपक्यांवर जुळवून मला झोपवायचे.

१५ जुलै २०२४, सोमवार. पहिलं इंजेक्शन आणि पहिला शेक एकाच दिवशी. प्रत्यक्ष किरणांचा वेळ तीन-चार मिनिटांचा. मशीनचा हात माझ्याभोवती फिरायचा, घुमल्यासारखा आवाज, छतावर एक चौकोनी दिवा. मी त्या दिव्याच्या कडेचे स्क्रू मोजायचो. अकरा होते, बाराव्याची जागा रिकामी होती. भरलेलं मूत्राशय धरून निश्चल पडणं हेच काय ते अवघड. माझ्याआधीच्या पेशंटला उशीर झाला की पाण्याचं गणित चुकायचं. म्हणून पोचल्यावर आधी तंत्रज्ञांना “किती मागे आहात?” विचारायचं आणि मगच बाटली उघडायची, हे मी तिसऱ्या दिवशी शिकलो. तिथले सगळे तेच करायचे.

तीन आठवडे काहीच जाणवलं नाही. चौथ्यात लघवीला घाई, रात्री चार-पाचदा उठणं, शौचाला थोडं-थोडं सारखं जावंसं वाटणं. पाचव्यात एकदा शौचानंतर पुसताना कागदावर रक्ताचा ठिपका दिसला, तो डॉक्टरांना दाखवून घेतला. थकवा असा की दुपारी वर्तमानपत्र हातात घेऊन झोप लागायची. मी घाबरत होतो तितकं मात्र झालं नाही. खोकताना थेंब दोन थेंब जायचे, पॅड परत लावावा लागला, तो शेवटच्या शेकानंतर दोन महिन्यांनी सुटला. मध्ये मशीन एक दिवस बंद होतं, त्यामुळे २९ ऑगस्टला संपलं.

इंजेक्शनचा त्रास शेकापेक्षा जास्त झाला. मानेपासून डोक्यापर्यंत एकदम भाजल्यासारखं व्हायचं, मग घाम, मग थंडी. रात्री दोन सदरे बदलायचो. पोट सुटलं, डोळ्यांत उगाच पाणी यायचं, शारीरिक इच्छा पूर्ण गेली. याबद्दल बायकोशी आधीच बोलून ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ड्रॉवरच्या प्रसंगानंतर मी तिच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं होतं. आम्ही बोललो. रोज संध्याकाळी दोघं अर्धा-पाऊण तास चालायला जाऊ लागलो. चालून आल्यावर रात्र जरा बरी जायची.

नोव्हेंबर २०२४ चा पीएसए ०.०१ पेक्षा कमी. घरात सगळे हसले. मी डॉक्टरांना विचारलं, “जिंकलो का?” त्यांनी प्रांजळपणे सांगितलं की हा आकडा इंजेक्शनचाही आहे. टेस्टोस्टेरॉन दाबलेलं असताना पीएसए खाली जातोच. शेकाने किती काम केलं ते टेस्टोस्टेरॉन परत आल्यावरच कळेल. म्हणून आता दर वेळी दोन्ही चाचण्या एकत्र करायच्या. दुसऱ्या इंजेक्शनचा असर जानेवारीत संपला. फेब्रुवारी २०२५ ला पीएसए ०.०१ पेक्षा कमी, टेस्टोस्टेरॉन अजून तळाला. मे महिन्यातही जवळजवळ तेच, फक्त भाजल्यासारखं होणं कमी झालं होतं.

ऑगस्टमध्ये एका रात्री सदरा न बदलता सकाळ झाली. त्याच आठवड्यात रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉन सामान्य मर्यादेत आलं होतं, आणि ही मर्यादा माझ्यासाठीही खरी होती. पीएसए ०.०१ पेक्षा कमी. नोव्हेंबरमध्ये पुन्हा तसंच. बायकोने आकडा वहीत उतरवला आणि रिपोर्टवरची ० ते ४ ची ओळ स्वतःच खोडली. पुढची तारीख फेब्रुवारीतली आहे, लॅब तीच.